उशिरा पडणारा गिअर आणि दबणारा पिकअप : एका ऑटोमॅटिक गाडीच्या दुरुस्तीच्या नोंदी

६ जानेवारी २०२४, शनिवार (सातारा)

गाडी २००९ ची, पेट्रोलवर चालणारी, १.८ लिटर इंजिनाची सेडान आहे. गिअरबॉक्स चार गिअरचा, टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग), म्हणजे जुन्या धाटणीचा ऑटोमॅटिक. एएमटी किंवा सीव्हीटी या दुसऱ्या प्रकारचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेल्या गाड्यांना या नोंदींतील ऑइलसंबंधीचा बराच भाग लागू होणार नाही. तीन वर्षांपूर्वी जुनी गाडी म्हणून घेतली तेव्हा ९१,००० किलोमीटर झालेले होते, आज १,१८,४०० आहेत. गिअरबॉक्सचे ऑइल कधी बदलले याची एकही नोंद सर्व्हिस पुस्तिकेत नाही आणि या तीन वर्षांत मीही ते बदललेले नाही.

तक्रारी तीन आहेत. सकाळी गाडी सुरू करून गिअरची दांडी डी (पुढे जाणे) मध्ये टाकली की दोन-तीन सेकंद काहीच घडत नाही आणि मग धक्का बसून गिअर पडतो. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना मध्येच कोणी क्लच दाबून रेस द्यावी तसा इंजिनाचा आवाज चढतो आणि त्यानंतर गिअर बसतो. तिसरी तक्रार सर्वांत भीतिदायक आहे. चालत्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की सुमारे एक सेकंद गाडी दबते आणि मग एकदम सुटते. गेल्या मंगळवारी शिरवळजवळ सेवा रस्त्यावरून महामार्गावर शिरताना, मागून मालट्रक येत असताना, ती नेमकी दबली. मागे आई बसली होती. ट्रकचालकाने वेळीच ब्रेक लावला म्हणून निभावले. त्या दिवसानंतर गाडी महामार्गावर नेलेली नाही.

एका वर्कशॉपमध्ये दाखवली तेव्हा एक फेरी मारून ‘गिअरबॉक्स खोलावा लागेल, ९५,००० रुपये’ असे सांगण्यात आले. त्यांनी ऑइलची पातळी दाखवणारी पट्टीसुद्धा बाहेर काढून पाहिली नव्हती. एवढा खर्च करण्याआधी जे मोजता येईल ते स्वतः मोजायचे ठरवले. आमच्या ओळखीचे एक जुने मिस्त्री आहेत, त्यांना मी मामा म्हणतो. अडेल तेथे त्यांनी यायचे आणि बाकीचे काम मी करायचे, असे ठरले.

पहिले मोजमाप गिअर पडण्याच्या वेळेचे केले. हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून, ब्रेक पूर्ण दाबून दांडी एन (न्यूट्रल) वरून डी मध्ये टाकायची आणि हलका झटका जाणवेपर्यंतचा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर घ्यायचा. प्रत्येक वेळी मध्ये एक मिनिट थांबून तीनदा मोजले आणि सरासरी काढली. या गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेप्रमाणे गिअरबॉक्स गरम असताना डी साठी १.२ सेकंद आणि आर (रिव्हर्स) साठी १.५ सेकंद यांपेक्षा कमी वेळ लागला पाहिजे. माझे आकडे : डी थंड असताना २.८, गरम असताना १.७, आर थंड असताना २.१, गरम असताना १.६. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, २,६०० वरून ३,३०० पर्यंत उडतो आणि मग खाली येतो.

९०० रुपयांचे ब्लूटूथचे ओबीडी यंत्र, म्हणजे गाडीच्या संगणकातील दोषांचे कोड वाचणारे यंत्र, लावून पाहिले. गिअरबॉक्सचा कोणताही कोड नाही. इंजिनाचा पी०१७१ हा कोड ‘पेंडिंग’, म्हणजे अजून पक्का न झालेला, या सदरात दिसला. त्याचा अर्थ मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. डॅशबोर्डवरील इंजिनाचा दिवा लागलेला नसल्यामुळे आणि डोक्यात गिअरबॉक्सच असल्यामुळे मी तो वहीत टिपला आणि पुढे गेलो.

१४ जानेवारी, रविवार

आजचा दिवस माझ्या चुकीमुळे गेला. सकाळी गाडी थंड असताना ऑइलची पट्टी काढली. ऑइल पट्टीच्या बरेच खाली दिसले, म्हणून ७०० मिलिलिटर नवे ऑइल ओतले. त्यानंतर कोरेगाव रस्त्यावर पंधरा किलोमीटर गेलो, तर गिअर आधीपेक्षाही आळसाने पडू लागले आणि परत येऊन पट्टी काढली तेव्हा तिच्यावर बुडबुडे होते. पातळी गरमच्या खुणेच्या बोटभर वर गेली होती.

मामांना फोन केला. “सर, डब्यातलं तेल गरम झाल्याशिवाय पट्टीवरचा आकडा खरा नसतो, आणि इंजिन चालू पाहिजे,” असे ते म्हणाले. ऑइल जास्त झाले की आतील फिरते भाग ते घुसळतात, त्यात हवा मिसळते आणि हवा मिसळलेल्या ऑइलने क्लचवर पुरेसा दाब येत नाही. म्हणजे कमी ऑइल आणि जास्त ऑइल यांची लक्षणे बाहेरून सारखीच दिसतात. पट्टीच्या नळीतून पिचकारीला बारीक रबरी नळी लावून जादा ऑइल ओढून काढले, त्याला दीड तास लागला.

योग्य पद्धत अशी : गाडी किमान पंधरा किलोमीटर चालवावी, सपाट जागी उभी करावी, इंजिन चालूच ठेवावे, ब्रेक दाबून दांडी पी (पार्किंग) पासून एल (सर्वांत खालचा गिअर) पर्यंत प्रत्येक ठिकाणी दोन सेकंद थांबवत नेऊन परत पी मध्ये आणावी, आणि मग पट्टी काढून धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून पुन्हा घालून पाहावी. या पद्धतीने पाहिले तेव्हा मूळ पातळी बरोबरच होती, असा हिशेब निघाला.

पातळी ठीक असली तरी ऑइलची अवस्था वाईट आहे. पांढऱ्या टिश्यू कागदावर थेंब टाकला तो काळपट तपकिरी निघाला, मध्यभागी गडद ठिपका राहिला आणि किंचित करपट वासही आला. नवे ऑइल त्याच कागदावर लालसर गुलाबी पसरते. दोन्ही कागद वहीत लावून ठेवले आहेत.

२० जानेवारी, शनिवार

पहिला ऑइल बदल. कोणते ऑइल घालायचे हे बहुतेक गाड्यांत पट्टीच्या मुठीवरच कोरलेले असते, माझ्याही गाडीत आहे. सुट्या भागांच्या दुकानात ‘ऑटोमॅटिकला सगळे एकच चालते’ म्हणून डेक्सरॉन-३ पुढे करण्यात आले होते. ते पातळपणात वेगळे आहे आणि मुठीवर लिहिलेले ते नव्हे, म्हणून घेतले नाही. योग्य ऑइलचे चार लिटरचे तीन डबे गेल्या आठवड्यातच आणून ठेवले होते. एक डबा ३,४०० रुपये.

गाडी चार जॅक स्टँडवर सपाट चढवली. केवळ पुढून उचलली तर ऑइल मागे राहते आणि पूर्ण निघत नाही. बोल्ट सोडल्यावर मापाच्या बरणीत बरोबर ३ लिटर निघाले. गिअरबॉक्स आणि टॉर्क कन्व्हर्टर मिळून सुमारे ६.९ लिटर ऑइल मावते. कन्व्हर्टरमधील ऑइल या बोल्टमधून उतरत नाही. म्हणजे एका वेळी केवळ ४३ टक्के ऑइल बदलते. पहिल्या बदलानंतर ५७ टक्के जुने उरते, दुसऱ्यानंतर ३२, तिसऱ्यानंतर साडेअठरा. त्यामुळे मधे शंभर-दीडशे किलोमीटर गाडी चालवून तीन वेळा बदलायचे ठरवले. यंत्राने दाब देऊन सगळे ऑइल एकाच वेळी बदलून देणारेही असतात, परंतु इतक्या वर्षांचा साचलेला गाळ दाबाने हलवून व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत नेऊन बसवण्याची जोखीम मला घ्यायची नव्हती.

निघाले तेवढेच, ३ लिटर, परत घातले. फरक जाणवला नाही. वेळ साडेतीन तास, त्यांपैकी दोन तास गाडी सुरक्षित चढवण्यात गेले आणि त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

२१ जानेवारी, रविवार

गाडी दबण्याच्या तक्रारीकडे वळलो. इंजिनात जाणारी हवा झडपेने कमी-जास्त करणारी थ्रॉटल बॉडी काढून पाहिली, झडपेच्या कडेला काजळीचा जाड थर होता. क्लीनर आणि मऊ ब्रशने साफ केली. ही झडप विजेच्या मोटरवर चालते, ती बोटाने जोराने ढकलून उघडू नये, आतील दाते दुखावतात. साफ करतानाही ती जशी आहे त्या स्थितीत ठेवूनच ब्रश फिरवला. हवेचे माप घेणारा सेन्सर त्याच्या वेगळ्या क्लीनरने, हात न लावता, फवारून साफ केला. चारही प्लग बदलले, १,८०० रुपये. जुने प्लग अजून बरेच चालण्यासारखे होते, हे काढल्यावर दिसले. आधी एक काढून पाहायला हवा होता.

इंजिन सुरू केले तर आयडलिंग, म्हणजे रेस न देता चालणारा वेग, १,४०० आरपीएमवर जाऊन बसले. काजळी असताना संगणकाने झडप किती उघडी ठेवायची हे शिकून ठेवलेले असते, ती निघाल्यावर तेच प्रमाण जास्त ठरते. बॅटरीची ऋण तार पंधरा मिनिटे काढून ठेवली, परत लावली, सगळे दिवे आणि एसी बंद ठेवून इंजिन पंधरा मिनिटे तसेच चालू दिले. आयडलिंग ७०० वर आले.

गाडी मात्र पहिल्यासारखीच दबत राहिली. आणि बॅटरी काढल्यामुळे तो पी०१७१ चा पेंडिंग कोडही पुसला गेला, हे मला त्या वेळी लक्षातच आले नाही. या चुकीने माझे तीन आठवडे घेतले.

२६ व २७ जानेवारी

जोडून सुट्टी मिळाली म्हणून दुसऱ्या ऑइल बदलाबरोबर गिअरबॉक्सखालील ट्रेही उतरवला. ऑइल आधी काढलेले असले तरी ट्रेमध्ये थोडे उरतेच, एकूण ३.३ लिटर निघाले. ट्रे तिरका करून एक बाजू सावकाश खाली आणली नाही तर अंगावर येते.

ट्रेमधील लोहचुंबकांवर काय आहे यावर पुढचे सर्व अवलंबून होते. चुंबकांवर करड्या रंगाची, लोण्यासारखी मऊ भुकटी होती. बोटांत चोळून पाहिली, एकही चकाकणारा तुकडा किंवा टोचणारा कण नव्हता. इतक्या किलोमीटरला ही भुकटी असायचीच. पितळी चकाकी किंवा लोखंडाचे तुकडे निघाले असते तर मी काम तेथेच थांबवून ९५,००० रुपयांचा विचार सुरू केला असता.

जाळी मात्र पाहण्यासारखी होती. या गिअरबॉक्समधील फिल्टर म्हणजे कापडी जाळीचा बंद डबा आहे. तो उलटा करून झटकला तेव्हा काळे, चिकट ऑइल थेंबाथेंबाने पडत राहिले. नवी जाळी तशीच धरून ऑइल ओतले तर ते धारेने जाते. थंड ऑइल आधीच जड असते, ते अशा चोंदलेल्या जाळीतून पंपाला ओढायचे म्हणजे दाब तयार व्हायला वेळ लागणार. सकाळच्या त्या २.८ सेकंदांचे कारण डोळ्यांनी दिसले, असे मला त्या क्षणी वाटले आणि पुढच्या मोजमापाने ते बरेचसे खरे ठरवले.

नवी जाळी आणि पॅकिंग मिळून २,४०० रुपये. ट्रे आणि चुंबके रॉकेलने धुऊन, पूर्ण वाळवून बसवली.

२८ जानेवारी, रविवार

सकाळी गाडीखाली तळहाताएवढा लाल डाग पडला होता. ट्रेचे बोल्ट मी अंदाजाने, ‘घट्ट बसले’ असे वाटेपर्यंत आवळले होते. पुस्तिकेत त्यांचे माप जेमतेम ७ ते ८ न्यूटन-मीटर आहे, म्हणजे छोट्या पान्याला दोन बोटांनी लावलेला जोर. जास्त आवळल्याने पॅकिंग बोल्टांजवळ चेपून बाहेर आले आणि दोन बोल्टांच्या मध्ये फट राहिली. गळती दिसली की आणखी आवळावे असे वाटते आणि आवळले की ती वाढते. नवे पॅकिंग पुण्याहून मागवले, ६५० रुपये, पाच दिवस.

३ फेब्रुवारी, शनिवार

ट्रे पुन्हा उतरवला. ठरवलेला तिसरा ऑइल बदल यातच उरकला. ट्रेच्या कडा काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून पाहिल्या, तीन बोल्टांच्या भोकांशी पत्रा वर उचललेला होता. तो लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने बसवला. नवे पॅकिंग कोरडेच लावले, कोणतेही सिलिकॉन लावले नाही. त्याचा सुटलेला तुकडा थेट जाळीत जातो. मामांचा टॉर्क पाना आणून समोरासमोरचे बोल्ट तीन फेऱ्यांत ७ न्यूटन-मीटरला आवळले. दुसऱ्या दिवशी खाली ठेवलेला कागद कोरडा होता.

आकडे : डी थंड १.६, गरम १.०, आर गरम १.२. म्हणजे गिअर पडण्याची तक्रार मापात आली. डी मध्ये टाकल्यावरचा धक्का कमी झाला, गेला नाही. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधली उडी ७०० वरून ४०० आरपीएमवर आली, तीही गाडी पूर्ण गरम झाल्यावर. गाडी दबणे जसेच्या तसे.

१० फेब्रुवारी, शनिवार

उरलेल्या उडीसाठी सोलेनॉइड, म्हणजे गिअरबॉक्समधील ऑइलच्या वाटा नियंत्रित करणारे विजेवरचे व्हॉल्व्ह, तपासले. गिअरबॉक्सच्या बाहेरील जोडणीतून मल्टिमीटरने रोध मोजता येतो, त्यासाठी ट्रे उतरवावा लागत नाही. हे मी जानेवारीतच, ट्रे उतरवण्याआधी, करायला हवे होते. मग संशय आलेला सोलेनॉइड त्याच वेळी बाहेर काढून पाहता आला असता. आता ट्रे तिसऱ्यांदा उतरवावा लागला.

चालू-बंद प्रकारच्या शिफ्ट सोलेनॉइडचा रोध ११ ते १५ ओहम असावा. दोन्ही साडेबाराच्या आसपास भरले. दाब नियंत्रित करणारा सोलेनॉइड वेगळ्या जातीचा आहे, त्याचा रोध ५.० ते ५.६ ओहम असतो, तो ५.३ भरला. विजेच्या बाजूने सगळे निर्दोष. मग बाहेर काढून बॅटरीला जोडून पाहायचे ठरले. शिफ्ट सोलेनॉइडला १२ व्होल्ट थेट दिले की ‘टक’ असा स्पष्ट आवाज यायला हवा. एकाचा आला. दुसऱ्याचा पहिल्या दोन वेळा आला, पुढे नुसताच फुसका झाला, आणि गरम पाण्यात पिशवीतून धरून ठेवल्यावर तर येईनासाच झाला. त्याची बारीक कांडी आत अडकत होती. त्याच ओघात मी दाब नियंत्रित करणाऱ्या सोलेनॉइडलाही तार लावायला निघालो होतो; मामांनी हात धरला. त्याला थेट १२ व्होल्ट दिले तर त्याची गुंडाळी जळते, मध्ये २१ वॅटचा दिवा जोडूनच तपासावे लागते. ही जोडणी करणाऱ्या प्रत्येकाने हे आधी वाचलेले असावे, कारण तो भाग महाग आहे आणि चूक एका सेकंदात होते.

नवा शिफ्ट सोलेनॉइड ४,२०० रुपये. आधीचे ऑइल जेमतेम दीडशे किलोमीटर चाललेले असल्याने स्वच्छ स्टीलच्या पातेल्यात झाकून ठेवले होते, ते बारीक कापडातून गाळून परत घातले आणि अर्धा लिटर नवे मिसळले. ट्रेचे पॅकिंग या वेळी शाबूत सुटले.

संध्याकाळी समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढलो. दुसऱ्यातून तिसऱ्यात गिअर असा गेला की काटा पाहिला नसता तर कळले नसते. पण वरच्या वळणानंतर, पुढे चाललेल्या जीपला मागे टाकण्यासाठी ॲक्सिलरेटर दाबला, तेव्हा तोच एक सेकंद पुन्हा आला. खाली उतरताना मन खिन्न होते. पाच आठवडे आणि वीस हजारांहून अधिक रुपये खर्चून ज्या दोषामुळे हे काम हाती घेतले तो दोष अस्पर्श राहिला होता.

११ फेब्रुवारी, रविवार

मामांनी स्टॉल चाचणी करायला सांगितली आणि ती स्वतः गाडीत बसून केली. चाके अडवून, हँडब्रेक आणि ब्रेक पूर्ण दाबून, डी मध्ये ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा आणि आरपीएम कोठे थांबतो ते पाहायचे. पाच सेकंदांहून जास्त धरायचे नाही, समोर आणि मागे कोणी उभे राहायचे नाही, आणि पुढच्या चाचणीआधी इंजिन एन मध्ये थोडे चालू देऊन ऑइल निवू द्यायचे. आतील क्लच घसरत असतील तर आरपीएम मापाच्या वर जातो.

आमचा आरपीएम मापाच्या २०० खाली थांबला, आणि डी व आर दोन्हींत सारखाच. मामा म्हणाले, “दोन्हीकडं सारखाच कमी आहे म्हणजे बॉक्स धरतोय सर, इंजिन ओढत नाही.”

घरी येऊन वही उघडली आणि ६ जानेवारीच्या पानावरचा पी०१७१ दिसला. ओबीडी यंत्र पुन्हा लावले. कोड परत आलेला होता. या वेळी थेट आकडे पाहिले, म्हणजे संगणक ठरल्यापेक्षा किती टक्के जादा पेट्रोल देतो आहे ते. उभ्या गाडीत ५ टक्के, ते ठीकच. पण पत्नीला शेजारी बसवून तिच्याकडे मोबाइल दिला आणि चढावर गाडी ओढली, तेव्हा तिने वाचलेला आकडा २२ होता.

गाडी दबते म्हणून मी ॲक्सिलरेटर आणखी दाबत होतो, त्या जादा दाबण्याला उत्तर म्हणून गिअरबॉक्स उशिराने एक गिअर खाली येत होता, आणि तो झटका मी गिअरबॉक्सच्या खात्यावर लिहीत होतो. ऑइल, जाळी आणि सोलेनॉइड यांचे दोष खरेच होते, पण दबण्याशी त्यांचा संबंध नव्हता. तिन्ही तक्रारी एकाच वेळी जाणवू लागल्या म्हणून त्यांचे मूळही एकच असणार, असे मी धरून चाललो होतो.

१८ व १९ फेब्रुवारी

न मोजलेली हवा आत कोठून येते याचा शोध. रविवारी इंजिन आयडलिंगवर ठेवून सगळ्या रबरी नळ्यांच्या जोडांवर क्लीनरचा बारीक फवारा मारत गेलो. जेथे गळती असेल तेथे आरपीएम बदलतो. (इंजिन थंड असतानाच हे करावे आणि जवळ अग्निशामक असावा, क्लीनर पेट घेते.) दोन तासांत आरपीएम एकदाही हलला नाही.

शिवजयंतीची सुट्टी असल्याने सोमवारी मामा आले. त्यांनी बोनेट उघडे ठेवले, मला बाजूला उभे केले आणि ब्रेक दाबून डी मध्ये अगदी थोडी रेस दिली. इंजिन चार-पाच सेंटिमीटर मागे कलंडले. उजवीकडचे वरचे इंजिन फाउंडेशन, म्हणजे इंजिनाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा रबरी आधार, फाटलेले होते. रबर आणि लोखंड यांच्यामध्ये बोट जात होते. आणि इंजिन कलंडले तशी एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटलपर्यंत येणारी घड्या घड्यांची रबरी नळी ताणली गेली आणि खालच्या बाजूच्या एका घडीत सहा-सात सेंटिमीटरची चीर उघडली. रेस सोडली की चीर मिटली. ही चीर हवेच्या सेन्सरच्या पुढे आहे, म्हणजे तेथून शिरलेली हवा संगणकाने मोजलेलीच नसते. इंजिन उभे असताना ती बंद आणि ओढताना उघडी, म्हणून माझा फवारा तिला सापडला नाही आणि उभ्या गाडीतील आकडा ५ च राहिला. डी मध्ये टाकल्यावरचा उरलेला धक्काही याच फाउंडेशनचा.

जानेवारीत थ्रॉटल बॉडी काढताना ही नळी मी स्वतः सोडवली होती, पुसून ठेवली होती आणि परत लावली होती. घड्या हाताने ताणून पाहिल्या असत्या तर चीर त्याच दिवशी दिसली असती.

खात्री करण्यासाठी नळी काढून, कोरडी करून घडीवर कापडी टेप चार वेढे गुंडाळला. यवतेश्वरच्या त्याच चढावर आकडा २२ वरून ९ वर आला आणि गाडी दाबल्याबरोबर निघाली. पत्नी काही बोलली नाही, तिने नुसता मोबाइल माझ्यासमोर धरला.

२ मार्च, शनिवार

नवी नळी २,१०० रुपये, फाउंडेशन ३,४०० रुपये. दोन्ही यायला बारा दिवस लागले. फाउंडेशन बदलताना इंजिनाला खालून आधार द्यावा लागतो. मी जॅक गिअरबॉक्सच्या ट्रेखाली सरकवत होतो, मामांनी तो बाजूला घेऊन जाड फळी मध्ये ठेवून इंजिनाच्या बाजूला लावला. जाळीचे तोंड ट्रेच्या तळापासून अगदी थोड्या अंतरावर असते. ट्रे चेपला तर नवी जाळीही उपाशी राहते. मग मामांनी आपल्या स्कॅनरने इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हींचे शिकलेले आकडे पुसले. पहिले चाळीस-पन्नास किलोमीटर गिअर थोडे खडबडीत पडले, नंतर आपोआप मऊ झाले.

१० मार्च, रविवार

शेवटचे मोजमाप : डी थंड १.२, गरम ०.८, आर गरम १.०. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये उडी नाही. जादा पेट्रोलचा आकडा चढावर ३ टक्के. कोड कोणताही नाही. गावातील सरासरी लिटरला ९.२ किलोमीटरवरून ११.१ वर आली आहे, ती टाकी पूर्ण भरून दोन वेळा मोजली.

खर्च : ओबीडी यंत्र ९००, ऑइल १०,२००, जाळी व पॅकिंग २,४००, दुसरे पॅकिंग ६५०, प्लग १,८००, क्लीनर ६००, सोलेनॉइड ४,२००, नळी २,१००, फाउंडेशन ३,४००, मामांची मजुरी ३,५००. एकूण २९,७५० रुपये. यांतील प्लग आणि दुसरे पॅकिंग, म्हणजे २,४५० रुपये, माझ्या चुकांचे. वेळ नऊ आठवडे. क्रम बरोबर लावला असता, म्हणजे पहिल्या दिवशी कोडचा पाठपुरावा आणि रोधाचे मोजमाप केले असते, तर भाग यायला लागलेले दिवस धरूनही चार आठवड्यांत झाले असते.

आज आईला घेऊन पुण्याला जाऊन आलो. येताना शिरवळला मुद्दाम त्याच सेवा रस्त्यावर उतरलो आणि त्याच जागेवरून महामार्गावर आलो. गाडी लगेच निघाली. खंबाटकी चढताना दोन ट्रक मागे टाकले, दोन्ही वेळा किकडाउन, म्हणजे ॲक्सिलरेटर जोरात दाबल्यावर पडणारा खालचा गिअर, वेळेवर पडला. आईला पाठीमागे झोप लागली होती.

सर्व्हिस पुस्तिकेत गिअरबॉक्सच्या पानावर पहिली नोंद केली : तारखा, ऑइलचा प्रकार, किलोमीटर १,१९,३५०. पुढचा बदल १,६०,००० ला. निवृत्त सोलेनॉइड, फाटके फाउंडेशन आणि चिरलेली नळी मामांनी मागून घेतली. त्यांच्याकडे शिकणाऱ्या दोन मुलांना ती चीर ताणून दाखवायची आहे.